ते छायाचित्र मी दिले नाही

"वाघ दिसला का?"

ताडोबाहून परत आल्यावर हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. कँटीनमधल्या पोराने विचारला, ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तकावर शिक्का मारता मारता विचारला, इतिहासाच्या सरांनी तर तास चालू असताना विचारला. 'हो' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : "फोटो काढला का?" त्यालाही 'हो' म्हटले की तिसरा : "मग दाखव की!" एवढ्या तीन प्रश्नांत आमच्या त्या दिवसाचा निकाल लागून जात असे. वाघ दिसला म्हणजे पास, फोटो मिळाला म्हणजे प्रथम श्रेणी. 'जंगलात काय पाहिलेस?' असे मात्र कोणीही विचारले नाही.

मी फोटो दाखवला. तो पाहून आपल्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने तो मुखपृष्ठासाठी मागितला. 'वनराणी' असा मथळासुद्धा ठरला होता. मी नाही म्हणालो. त्यावरून 'स्वतःला फार मोठा कलावंत समजतो', 'स्पर्धेला पाठवून बक्षीस मिळवायचे असेल' असे बरेच काही माझ्या कानावर आले. तेव्हा ते छायाचित्र मी का दिले नाही, हे एकदाच सांगून टाकावे म्हणून हा लेख. छायाचित्राला एक पान पुरले असते, नकाराला चार पाने लागत आहेत, ह्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

आम्ही गेलो ते २०२५ च्या एप्रिलमध्ये. पाच विद्यार्थी आणि भूगोलाचे सर असे सहा जण. एका जीपगाडीत सहाच पर्यटक बसतात. शिवाय एक चालक आणि एक मार्गदर्शक. महिनाभर आधी वर्गणी काढून सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या राखून ठेवल्या होत्या. माझ्याजवळ मामांचा कॅमेरा होता. मामा लग्नाचे फोटो काढतात. कॅमेरा हातात देताना त्यांनी दोनच सूचना केल्या. पहिली : "उन्हात भिंग उघडे ठेवू नकोस." दुसरी मला तेव्हा गमतीची वाटली : "आपण नवरीचासुद्धा फोटो तिला विचारून काढतो रे. जनावराला विचारता येत नाही, म्हणून जरा जास्तच सांभाळून काढ."

पहाटे अंधारातच प्रवेशद्वारापाशी गाड्यांची रांग लागली होती. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेरच ठेवावा लागतो. हा नियम मला फार आवडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कोणाचाही खिसा वाजला नाही, एवढ्यानेसुद्धा जंगल निम्मे ऐकू येऊ लागते. आमच्या मार्गदर्शक एक ताई होत्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगावर खाकी सदरा, आवाज हळू. गाडीत बसता बसताच आमच्यातल्या एकाने विचारले, "ताई, आज वाघ दिसणार ना नक्की?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वाघाले माहीत असन तं दिसन, भाऊ. जंगल मात्र नक्की दिसन."

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. पुढे १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य झाले आणि नंतर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नावाची कथा ताईंनी सांगितली. तारू नावाचा गोंडांचा एक प्रमुख होता, तो वाघाशी झुंजताना मेला, त्याचाच पुढे ताडोबा देव झाला. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. मला वाटते, ही कथा प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. ज्या जंगलात आपण वाघ पाहायला जातो, त्याचे नाव वाघावरून पडलेले नाही. वाघाने मारलेल्या माणसावरून पडलेले आहे, आणि त्या माणसाच्या लोकांनी वाघाचा सूड न घेता माणसाला देव करून दोघांनाही जंगलात ठेवून घेतले आहे.

मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले आहेत, त्यांतून दोर ओवून घंटा वाजवून निरोप पोचवीत असत, असे सांगतात. एप्रिलमुळे सागाची पाने गळून पडली होती. कांडोळाची पांढरीफटक खोडे उन्हात चमकत होती. मोहाखाली फुले पडून सुकली होती आणि त्यांचा आंबूस गोड वास मध्येच गाडीपर्यंत येत होता. एका वारुळाला हातभर भोक पडले होते. अस्वलाने वाळवीसाठी उकरलेले. एका झाडाच्या सालीवर माणसाच्या डोक्याच्याही वर ओरखडे होते. आपली हद्द सांगण्यासाठी वाघाने ओढलेले. वानरे झाडावर बसून कोवळी पाने अर्धीमुर्धी खाऊन खाली टाकत होती आणि चितळे खाली उभी राहून ती खात होती. ताईंनी समजावून सांगितले की हा दोघांचा करार आहे. वानराला वरून लांबचे दिसते, चितळाला वास आणि आवाज चांगला कळतो. धोक्याची पहिली खबर ज्याला लागेल त्याने ओरडायचे. सर म्हणाले, "अर्थशास्त्राच्या पुस्तकातले सहकाराचे प्रकरण ह्यांना शिकवायला नको."

पण खरे सांगायचे तर, ह्यातले बरेचसे मला नंतर आठवले. त्या वेळी मी कॅमेऱ्याच्या छोट्याशा खिडकीला डोळा लावून बसलो होतो आणि मनात एकच घोकत होतो : वाघ कुठे आहे? एका तुऱ्याच्या सर्पगरुडाने आमच्यासमोर फांदीवर बसून पाच मिनिटे पंख विंचरले. मी चार फोटो काढले आणि 'चला पुढे' म्हणालो. रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्यातला शेवटचा बैल थांबून आमच्याकडे बघत राहिला. केवढे ते जनावर! तरी आमच्यातला एक जण पुटपुटला, "ह्यांच्यात वेळ जातोय." रानगव्याला रस्ता ओलांडायला लागणारा वेळ हा आपला वाया जाणारा वेळ आहे, असे वाटणारा माणूस जंगलात कशासाठी गेला होता, हे विचारावेसे वाटते. पण कसे विचारणार? मनातून मीही तेच म्हणत होतो.

सकाळची फेरी वाघाविना संपली. इतर गाड्यांतल्या माणसांचे चेहरे पाहिले. लहान मुले तेवढी खूष होती, कारण त्यांनी मोर पाहिला होता. मोठी माणसे पैसे बुडाल्यासारखी बसली होती.

दुपारी चालक ताईंना म्हणाला की एका पाणवठ्याकडे वाघिणीचे येणेजाणे आहे. तो पाणवठा कोणता, हे मी इथे मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष पाणवठ्याचा नाही, चालकाचा नाही आणि ताईंचा तर मुळीच नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिथे तीन गाड्या होत्या. अर्ध्या तासात नऊ झाल्या. ऊन रणरणत होते. मग कुठेतरी सांबर ओरडले. टीचभर पाणी उरलेल्या त्या डबक्याच्या पलीकडे बांबूच्या बेटात काहीतरी हलले आणि वाघीण बाहेर आली.

तिचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी वाघ पाहिला आहे त्यांना ते नको आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना माझ्या शब्दांनी तो दिसणार नाही. ती सावकाश पाण्याकडे येऊ लागली. आमची गाडी जरा मागे होती. पुढच्या गाडीतल्या माणसाचे डोके माझ्या चौकटीत येत होते. मी चालकाला म्हणालो, "थोडी पुढे घ्या ना." ताई लगेच म्हणाल्या, "नको जी, थो तिचा पाण्याचा रस्ता हाय. अंतर ठेवा लागते." तेव्हा आमच्यापैकी एकाने चालकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हटले, "घ्या हो, बक्षिसाचे आम्ही बघतो." ते वाक्य मी उच्चारले नव्हते. पण ते ऐकून मला बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. चालकाने ताईंकडे बघितले, आमच्याकडे बघितले आणि गाडी दहा-बारा हात पुढे घेतली. आमची हलली म्हणून तिच्यामागची हलली, पलीकडचीही हलली.

वाघीण थांबली. ती गुरगुरली नाही, धावून आली नाही, पळालीही नाही. ती खाली बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. पाणी तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होते आणि मध्ये आम्ही होतो. माझे बोट खटक्यावरून निघत नव्हते. वीस मिनिटे ती तशी बसली होती. मग उठली आणि आल्या वाटेने, पाणी न पिता, बांबूत निघून गेली. नऊ गाड्यांत कुजबुज सुरू झाली : "मिळाला का?", "मला मिळाला", "डोळ्यांत डोळे घालून बघत होती यार!"

ताई मात्र काही बोलल्या नाहीत. गाडी वळल्यावर एवढेच म्हणाल्या, "तहानली होती."

मुखपृष्ठासाठी मागितले गेलेले छायाचित्र ते हेच. त्या वीस मिनिटांत मी त्र्याऐंशी फोटो काढले, त्यांतला हा सर्वांत चांगला. प्रकाश तिरपा, मागे बांबूची हिरवी-पिवळी धूसर जाळी, आणि वाघिणीची नजर थेट बघणाऱ्यावर रोखलेली. त्या नजरेत लोकांना रुबाब दिसतो, करारीपणा दिसतो, कोणाला तर जंगलाचे सारे गूढ दिसले. मला तिच्यात एकच वाक्य ऐकू येते : रस्ता सोडा.

छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणतात. माझा अनुभव असा की, ते खोटे बोलत नसले तरी सोयीचे तेवढेच बोलते. माझ्या चौकटीत वाघीण आहे, बांबू आहे, ऊन आहे. नऊ गाड्या, पंचेचाळीस-पन्नास माणसे, डिझेल-पेट्रोलचा वास आणि ते कोरडे राहिलेले तोंड चौकटीच्या बाहेर आहे. 'वनराणी' असा मथळा देऊन ते छापले असते, तर आपल्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक देखणे असत्य छापले गेले असते. म्हणून मी ते दिले नाही.

आता ह्यावर जे आक्षेप आले, तेही मांडले पाहिजेत, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप माझ्या मित्राचा. तो म्हणतो, "रात्री गाड्या नसतात. तेव्हा ती पाणी प्यायली असेल. एका दिवसाने काय बिघडते?" प्यायली असेल, मलाही तसेच वाटते. पण आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरे सहा जण आले असतील, त्यांच्यातही एक कॅमेरा असेल आणि त्याच्याही चौकटीत कोणाचे तरी डोके आले असेल. आपण प्रत्येक जण एकच दिवस जातो, ती तिथे रोज राहते. आपला 'एकच दिवस' तिच्या हिशेबात रोजचा असतो. आणि हे काही आमच्याच बाबतीत घडले असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. ते दृश्य सगळीकडे पसरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती बातमी वाचून आम्ही वर्गात त्या पर्यटकांना यथेच्छ नावे ठेवली होती. चार महिनेही झाले नाहीत तोच त्यांच्या जागी आम्ही बसलो होतो. फरक एवढाच की आमचे दृश्य कोठे पसरले नाही.

दुसरा आक्षेप आमच्या सरांचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. ते म्हणतात, "पर्यटक गेले नाहीत तर ताईंची चूल कशावर पेटणार? आणि वाघाचे चित्रच पाहिले नाही तर लोकांना वाघाबद्दल आस्था वाटणार कशी?" ह्यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला ही माणसाच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी होता. वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवायची, वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडून त्याचा फोटो आपोआप निघायचा, अशी त्याची तऱ्हा. १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले, आणि बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलण्याची प्रेरणा त्याच्याकडूनच घेतल्याचे खुद्द जिम कॉर्बेटने मानले आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प ह्यांच्यामागे जे लोकमत उभे राहिले, त्यात चित्रांचा आणि छायाचित्रांचा वाटा नक्कीच आहे. तेव्हा मी कॅमेऱ्याविरुद्ध बोलत नाही. मी बोलतो आहे ते कॅमेरा बंदुकीसारखा वापरण्याविरुद्ध. 'वाघ मिळाला' हा शब्दप्रयोग शिकाऱ्यांचा होता. गोळी गेली, शब्द तसाच राहिला.

आणि ह्या बाबतीत एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. आज वाघाचे सर्वांत उपयोगी फोटो कोण काढते? कोणीच काढत नाही! जंगलातल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधून ठेवतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो आपोआप निघतात. दोन कॅमेरे एवढ्यासाठी की डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखीच ही ओळख. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत असत. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये २००४-०५ च्या सुमारास एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा त्या जुन्या मोजणीवरचा विश्वास उडाला आणि कॅमेऱ्यांची पद्धत देशभर आली. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघांचा अंदाज निघाला होता, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३६८२ वर गेला. त्यात महाराष्ट्राचे ४४४. ह्या आकड्यांमागे जे लाखो फोटो आहेत, त्यांत प्रकाश नीट नाही, मान अर्धी कापलेली आहे, कोणाच्याही भिंतीवर ते लागणार नाहीत. पण वाघाच्या वाटेत न येता काढलेले आहेत. मामांच्या भाषेत, जास्त सांभाळून काढलेले.

आकडा काढायलाही माणसे लागतातच. जंगलात पायी हिंडून खुणा नोंदवाव्या लागतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ह्याच ताडोबात, ह्याच गणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आपण गाडीत बसून 'वाघ दिसला नाही' म्हणून हळहळतो, तेव्हा त्याच जंगलात कोणीतरी वाघ समोर न यावा म्हणून जीव मुठीत धरून चालत असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायच्या दिवसांत घरातून निघालेले माणूस संध्याकाळी परत येईल की नाही, ही धास्ती खरी असते. वाघांची संख्या वाढली ह्याचा आनंद आपण पुण्या-मुंबईत आणि आपल्या महाविद्यालयात साजरा करतो, आणि त्याची किंमत पहाटे टोपली घेऊन निघणारी बाई मोजते. वाघ वाढू नयेत असे मी म्हणत नाही, ताईही म्हणत नव्हत्या. पण ज्याची किंमत दुसरे कोणी मोजते, त्या गोष्टीकडे निदान करमणूक म्हणून तरी पाहू नये.

ताईंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पाणवठ्यावरून परतताना आम्ही एका मोठ्या गवताळ माळावरून गेलो. चितळांचे मोठे कळप तिथे चरत होते. मध्येच एक डेरेदार चिंच उभी होती. जंगलाच्या मध्यभागी एवढा साफ माळ कसा, असे सरांनी विचारले. ताई म्हणाल्या, "गाव होतं जी. आमचं." वाघांसाठी ताडोबाच्या पोटातली बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे उठली, त्यांच्या शेतांचे आता कुरण झाले आहे, हे मी पुस्तकात वाचले होते. ते वाचणे वेगळे आणि त्या गावात वाढलेल्या बाईशेजारी बसून ते कुरण बघणे वेगळे. गावाबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. नव्या गावात शाळा जवळ आहे, दवाखाना जवळ आहे, रात्री अंगणात निजता येते, असेही म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, त्या चिंचेचा काढा न एक फोटो. आमच्या अंगणातली हाय. मायले दाखवतो."

मी काढला. त्या दिवसाच्या चारशे बारा फोटोंत, कोणीतरी होऊन 'काढा' म्हटले म्हणून काढलेला तेवढा एकच. गावी आल्यावर मोठा करून दोन प्रती ताईंना टपालाने पाठवल्या.

दिवसाच्या शेवटी आम्ही चालकाला बक्षीस दिलेच. आणि मला वाटते, सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. बक्षीस वाघ दाखवल्याचे होते, जवळ नेल्याचे होते. दिवसभर ताई जे शिकवत होत्या, ते वारूळ, ते ओरखडे, तो वानरांचा आणि चितळांचा करार, त्याचे बक्षीस कोणी देऊ केले नाही. जे आपण विकत घेतो तेच आपल्याला मिळते. मग गाड्या अंतर ठेवत नाहीत म्हणून चालकांना बोल लावण्यात काय अर्थ? नियम आहेत, ते सांगणाऱ्या ताई गाडीत होत्या. त्यांच्या शब्दापेक्षा आमची नोट मोठी ठरली, एवढेच.

मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, तेव्हा आपल्या मराठी विभागाने शोकसभा घेतली होती. सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, 'पक्षिकोश' केला, वनखात्यात नोकरी करता करता मराठीला जंगलाचे शेकडो शब्द दिले, हे सगळे सभेत सांगून झाले. त्यांना हे शब्द कुठून मिळाले? जंगलातल्या माणसांपाशी बसून, त्यांचे ऐकून. व्यंकटेश माडगूळकरांनीही नागझिऱ्यात मुक्काम केला तो एका दुपारच्या फेरीपुरता नव्हता. आपल्यापैकी प्रत्येकाला तेवढा वेळ नाही, हे खरे. पण एक दिवस मिळाला तर तो एक दिवस तरी त्या रीतीने घालवता येतो.

तेव्हा पुढच्या वर्षी आपल्या महाविद्यालयाची सहल जंगलात जाणार असेल, तर माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, चालकाला आणि मार्गदर्शकाला द्यायचे ते बक्षीस सकाळीच, गाडी सुटण्यापूर्वीच देऊन टाकावे, आणि 'अंतर तुम्ही ठरवायचे, आम्ही बोलणार नाही' असे सांगावे. दुसरी, प्रत्येकाने पहिला एक तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा. तिसरी सूचना मागे राहणाऱ्यांसाठी. परत आलेल्या मित्राला 'वाघ दिसला का?' असे विचारू नका, 'काय पाहिलेस?' असे विचारा. हा प्रश्न बदलला तर जंगलातली गर्दी लगेच कमी होणार नाही, हे मला कळते. पण गाडी पुढे घ्या म्हणणाऱ्याच्या मनात आम्हां सर्वांचाच प्रश्न बसलेला असतो. घरी परतल्यावर उत्तर द्यावे लागणार, म्हणून तो घाई करतो. मी स्वतःवरून सांगतो.

संपादक मंडळाला मी मुखपृष्ठासाठी चिंचेचे छायाचित्र दिले आहे. ताईंना विचारून दिले आहे. त्यात वाघ नाही. एक झाड आहे, त्याखाली पडलेल्या चिंचा खाणारी पाच चितळे आहेत, आणि नीट पाहिले तर बुंध्याशी ओट्याचे चार दगड दिसतात. ते छापायचे की नाही हे मंडळाने ठरवावे. छापलेच, तर खाली 'वनराणी' वगैरे काही लिहू नये. 'येथे एक घर होते' एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

— तृतीय वर्ष, कला